जुना काटा, नवा लॅपटॉप : सिरीयल पोर्ट असलेली शेती-उपकरणे जोडण्याची पद्धत

हिंगोली जिल्ह्यात हळद आणि सोयाबीन ही दोन पिके पैसा फिरवतात. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीची पोती, तर गावोगावच्या खरेदी केंद्रांवर सोयाबीनचे कट्टे काट्यावर चढतात. गोदामे, शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संकलन केंद्रे आणि माती परीक्षण प्रयोगशाळांमधील अनेक काटे व मीटर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांचे वजन बरोबर येते, लोडसेल चांगले आहेत, बटणे चालतात. अडचण येते ती जुना संगणक बंद पडून नवा लॅपटॉप आणल्यावर. काट्याच्या मागची नऊ पिनांची केबल लावायला नव्या लॅपटॉपमध्ये जागाच नसते.

मग दोनपैकी एक गोष्ट होते. चांगला काटा ‘जुना झाला’ म्हणून बदलला जातो, किंवा वजन पाहून वहीत लिहिणे आणि वहीतून संगणकात भरणे सुरू होते. दुसरा मार्ग फुकटचा वाटतो, पण तो शेतकऱ्याला महाग पडू शकतो. काट्यावर ४७.२ किलो दिसले आणि घाईत ४२.७ लिहिले गेले, तर साडेचार किलोचा फरक पडतो. सोयाबीनच्या २०२५-२६ हंगामाच्या ५,३२८ रुपये क्विंटल या हमीभावाने ही रक्कम एका कट्ट्यामागे सुमारे २४० रुपये होते. हळदीचा दर सोयाबीनपेक्षा जास्त असल्याने तिथे नुकसानही जास्त. माल एकदा थप्पीला लागला की चूक सापडत नाही. माती परीक्षणात दोन नमुन्यांचे आकडे अदलाबदल झाले, तर एकाच्या शेताची खतमात्रा दुसऱ्याच्या पत्रिकेवर जाते.

बहुतेक वेळा यावर उपाय काही शे रुपयांच्या योग्य केबलमध्ये आणि चार सेटिंगमध्ये असतो. ते काम क्रमाने कसे करावे, याची माहिती पुढे दिली आहे.

कोणती उपकरणे जोडता येतात?

- प्लॅटफॉर्म काटा आणि भुईकाटा यांचे इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारी पेटी.
- धान्यातील ओलावा मोजणारे टेबलावरील मीटर. हातात धरायच्या लहान मीटरला बहुधा पोर्ट नसतो.
- माती परीक्षणातील पीएच मीटर, ईसी मीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर, फ्लेम फोटोमीटर आणि प्रयोगशाळेचा नाजूक तराजू.
- दूध संकलन केंद्रातील फॅट मशीन, वजनकाटा आणि मोठा आकडा दाखवणारा डिस्प्ले.
- जुन्या हवामान केंद्राचा डेटा लॉगर.

प्रत्येक मॉडेलला पोर्ट असतोच असे नाही. उपकरणाच्या मागे ‘आरएस-२३२’, ‘सिरीयल’, ‘कॉम’ किंवा ‘पीसी’ असे लिहिलेला पोर्ट आहे का ते आधी पाहावे.

सिरीयल पोर्ट म्हणजे काय?

सिरीयल म्हणजे एकामागून एक. वजनाचा आकडा एकाच तारेवरून एकेक बिट करून संगणकाकडे जातो. यासाठीचे आरएस-२३२ हे मानक १९६० मध्ये अमेरिकेत तयार झाले. सुरुवातीला २५ पिनांचा जोड वापरात होता. १९८४ च्या आयबीएम पीसी एटी या संगणकापासून नऊ पिनांचा जोड रूढ झाला. १९९६ मध्ये यूएसबी आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लॅपटॉपमधून सिरीयल पोर्ट गेला. काटे, मीटर आणि कारखान्यांतील यंत्रांनी मात्र तो सोडला नाही, कारण तो साधा आहे आणि वर्षानुवर्षे चालतो.

नऊपैकी प्रत्यक्ष कामाच्या पिना बहुधा तीनच असतात. संगणकाच्या बाजूने पाहिले तर त्या अशा :

- पिन २ : माहिती घेण्याची.
- पिन ३ : माहिती पाठवण्याची.
- पिन ५ : दोघांची सामाईक ग्राउंड.

बाकीच्या पिना ‘मी तयार आहे’, ‘थोडे थांब’ असे इशारे देण्यासाठी असतात. बऱ्याच काट्यांमध्ये त्या जोडलेल्याच नसतात.

पहिले काम : पोर्ट ओळखणे

केबल विकत घेण्याआधी पुढील चार गोष्टी तपासाव्यात. नुकसान होते ते बहुतेक इथेच.

१. नऊ पिनांचा प्रत्येक जोड सिरीयल नसतो. काही इंडिकेटरमध्ये लोडसेलची केबलसुद्धा नऊ पिनांच्याच जोडाने लावलेली असते. प्लॅटफॉर्मकडून येणारी केबल जिथे लागते, तिथे लॅपटॉपची केबल कधीही लावू नये.

२. तीन ओळींत १५ पिना असलेला जोड मॉनिटरचा असतो. जुन्या संगणकावरील २५ छिद्रांचा जोड प्रिंटरचा असतो. दोन्ही सिरीयल नाहीत.

३. पोर्टवर ‘आरएस-४८५’ लिहिले असेल, किंवा जोडाऐवजी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन स्क्रू-टर्मिनल असतील, तर त्यासाठी वेगळा यूएसबी ते आरएस-४८५ अ‍ॅडॅप्टर लागतो. भुईकाट्याचे इंडिकेटर आणि दूरवरचा डिस्प्ले यांच्यात ही पद्धत आढळते.

४. काही लहान यंत्रांतील आणि सर्किट बोर्डवरील पोर्ट ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालतो. त्याला ‘टीटीएल’ म्हणतात. आरएस-२३२ मध्ये उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. टीटीएल बोर्डाला आरएस-२३२ केबल लावल्यास बोर्ड जळू शकतो.

माहितीपुस्तिका हरवली असेल तर इंडिकेटरच्या पाटीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून उत्पादकाकडे किंवा विक्रेत्याकडे पुस्तिकेची पीडीएफ मागावी. पिनांची मांडणी आणि सेटिंग त्यात दिलेली असते. पुस्तिका मिळाली तर निम्मे काम झाले असे समजावे.

मल्टिमीटरने तपासणी

पुस्तिका मिळाली नाही, तर साध्या मल्टिमीटरने बरेच कळते. इंडिकेटर चालू ठेवावे आणि केबल काढलेली असावी. मीटर डीसी २० व्होल्टवर लावून काळी तार पिन ५ ला आणि लाल तार आधी पिन २ ला, मग पिन ३ ला लावावी. शेजारच्या पिना एकमेकींना चिकटणार नाहीत याची काळजी घ्यावी.

- ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास आकडा येतो, ती इंडिकेटरची पाठवण्याची पिन आहे आणि पोर्ट आरएस-२३२ आहे.
- उणे आकडा पिन २ वर असेल तर सरळ केबल लागते. पिन ३ वर असेल तर उलटी केबल लागते.
- कायम अधिक ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसल्यास पोर्ट टीटीएल असण्याची शक्यता असते. तिथे आरएस-२३२ अ‍ॅडॅप्टर लावू नये, तंत्रज्ञाला दाखवावे.
- आकडा सतत हलत असेल तर इंडिकेटर न थांबता वजन पाठवत आहे असे समजावे. तो मधूनमधून उणेकडे झुकत असेल तर पाठवण्याची पिन तीच.

उलट्या केबलला ‘नल मोडेम’ किंवा ‘क्रॉस केबल’ म्हणतात. तिच्यात एका टोकाची पिन २ दुसऱ्या टोकाच्या पिन ३ ला आणि ३ ही २ ला जोडलेली असते, पिन ५ सरळ असते. सरळ आणि उलटी केबल बाहेरून सारखीच दिसते. म्हणून मल्टिमीटरच्या बीप सेटिंगवर तपासून केबलवर चिठ्ठी चिकटवावी.

यूएसबी ते सिरीयल अ‍ॅडॅप्टर कसा निवडावा?

अ‍ॅडॅप्टरची किंमत आणि टिकाऊपणा आतल्या चिपवर ठरतो. बाजारात मुख्यतः चार कंपन्यांच्या चिप दिसतात : एफटीडीआय, प्रोलिफिक, सिलिकॉन लॅब्ज आणि डब्ल्यूसीएच. अस्सल असेल तर यांपैकी कोणतीही काट्याचे काम करते. घेताना पुढील बाबी विचाराव्यात :

- आत कोणती चिप आहे, हे वेष्टनावर लिहिलेले असावे.
- लॅपटॉपमध्ये असलेल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो का? प्रोलिफिकच्या पीएल-२३०३ मालिकेतील जुन्या चिपना विंडोज ८ पासून पुढे कंपनीचा ड्रायव्हर मिळत नाही. असा अ‍ॅडॅप्टर विंडोज ११ मध्ये दिसतो, पण त्यावर पिवळी खूण येते आणि तो चालत नाही.
- चिप नकली तर नाही ना? २०१४ मध्ये एफटीडीआयच्या नव्या ड्रायव्हरमुळे जगभरातील नकली चिप असलेले अ‍ॅडॅप्टर एकाएकी बंद पडले होते. अगदी स्वस्त अ‍ॅडॅप्टर खरेदीच्या ऐन हंगामात दगा देऊ शकतो.
- लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर टाइप-सी जोडाचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा, किंवा साधा यूएसबी ते टाइप-सी जोड वापरावा.

अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला बहुधा नऊ पिना असतात. काट्याच्या बाजूलाही पिनाच असतील तर दोन्हीकडे छिद्रे असलेली केबल लागते. जोड जुळवण्यासाठी ‘जेंडर चेंजर’ नावाचा लहान तुकडा मिळतो. त्याने फक्त जोडाचा आकार बदलतो, सरळ केबल त्याने उलटी होत नाही.

ड्रायव्हर आणि कॉम क्रमांक

१. लॅपटॉप इंटरनेटला जोडून अ‍ॅडॅप्टर लावावा. विंडोज १० आणि ११ मध्ये नेहमीच्या चिपचा ड्रायव्हर बहुधा आपोआप येतो. केंद्रावर रेंज नसेल तर चिप कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्यावा. भलत्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊ नये.

२. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘पोर्ट्स’ या गटात पाहावे. अ‍ॅडॅप्टरच्या नावापुढे कॉम ३, कॉम ७ असा क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवावा.

३. काही जुनी सॉफ्टवेअर फक्त कॉम १ ते कॉम ४ ओळखतात. अशा वेळी पोर्टवर दोनदा क्लिक करून ‘पोर्ट सेटिंग्ज’ मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये क्रमांक बदलता येतो.

४. अ‍ॅडॅप्टर नेहमी लॅपटॉपच्या एकाच यूएसबी खाचेत लावावा. खाच बदलली की कॉम क्रमांक बदलू शकतो आणि ‘काल चालत होते, आज चालत नाही’ अशी तक्रार येते. त्या खाचेवर रंगीत पट्टी लावावी.

५. ‘यूएसबी रूट हब’ च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते. ती खूण काढावी. नाहीतर काही वेळ वजन आले नाही की पोर्ट झोपी जाऊ शकतो.

लॅपटॉपची बाजू आधी तपासा

काटा जोडण्याआधी अ‍ॅडॅप्टर चालतो की नाही, हे एका मिनिटात कळते. टेरा टर्म किंवा पुटी हे मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरतात. प्रोग्राममध्ये ‘सिरीयल’ निवडून आपला कॉम क्रमांक द्यावा. अ‍ॅडॅप्टरच्या नऊ पिनांच्या टोकाला पिन २ आणि पिन ३ तारेच्या लहान तुकड्याने किंवा कागदाच्या यू-पिनने जोडाव्यात. आता कीबोर्डवर काही टाइप केले की तेच अक्षर पडद्यावर उमटले पाहिजे. तार काढली की उमटणे थांबले पाहिजे.

असे झाले तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि अ‍ॅडॅप्टर तिन्ही ठीक आहेत. पुढची अडचण केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधावी. ही चाचणी काट्याला जोडलेल्या केबलवर करू नये.

चार सेटिंग जुळल्या पाहिजेत

काटा आणि लॅपटॉप यांना एकाच वेगाने, एकाच पद्धतीने बोलावे लागते. दोन्हीकडे पुढील चार गोष्टी सारख्या हव्यात :

- बॉड रेट, म्हणजे वेग : १२००, २४००, ४८०० किंवा ९६०० नेहमी आढळतात.
- डेटा बिट : ७ किंवा ८.
- पॅरिटी : नाही, सम किंवा विषम.
- स्टॉप बिट : बहुधा १.

सुरुवात ९६००, ८, पॅरिटी नाही, १ या जोडीने करावी. या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. वजनाची एक ओळ वीसेक अक्षरांची असल्याने हा वेग भरपूर आहे. चालले नाही तर २४००, ७, सम, १ करून पाहावे. प्रयोगशाळेतील काही तराजूंची ही मूळ सेटिंग असते. ‘फ्लो कंट्रोल’ हे पाचवे सेटिंग ‘नाही’ वर ठेवावे. पुटीमध्ये ते मुळात ‘नाही’ वर नसते, हाताने बदलावे लागते.

काटा वजन कधी पाठवतो, हेही महत्त्वाचे आहे. काही काटे सतत पाठवतात, काही ‘प्रिंट’ बटण दाबल्यावर, तर काही संगणकाने ठरावीक अक्षर पाठवल्यावरच उत्तर देतात. पडदा कोरा दिसला तर आधी काट्यावर वजन ठेवून ‘प्रिंट’ दाबून पाहावे.

लक्षण आणि उपाय

- पडद्यावर काहीच येत नाही : कॉम क्रमांक चुकला असेल, सरळऐवजी उलटी किंवा उलटीऐवजी सरळ केबल असेल, किंवा काटा ‘प्रिंट’ बटणाची वाट पाहत असेल.
- सगळीच अक्षरे विचित्र येतात : बॉड रेट चुकला आहे.
- ०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात, पण १, २, ४, ७, ८ च्या जागी विचित्र चिन्हे येतात : वेग बरोबर आहे. काटा ७ बिट आणि सम पॅरिटीवर आहे, लॅपटॉप ८ बिट आणि पॅरिटी नाही या सेटिंगवर. लॅपटॉपचे सेटिंग बदलावे.
- ‘पोर्ट वापरात आहे’ असा संदेश येतो : दुसऱ्या प्रोग्रामने तो पोर्ट उघडून ठेवला आहे. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. चाचणीचा प्रोग्राम बंद केल्याशिवाय वजनाचे सॉफ्टवेअर चालणार नाही.
- मधूनमधून तुटते : सैल जोड, लांब केबल, वीज वाचवण्याची सेटिंग किंवा जवळच चालणारी मोटार कारण असू शकते. केबल मोटारीच्या वायरपासून दूर घ्यावी आणि जोडाचे दोन्ही स्क्रू घट्ट करावेत.

वजन नोंदवताना घ्यायची काळजी

आकडा पडद्यावर आला म्हणजे काम संपले असे नाही. बरेच काटे प्रत्येक ओळीत वजनासोबत एक खूण पाठवतात. अनेक मॉडेलमध्ये ‘एसटी’ म्हणजे वजन स्थिर आणि ‘यूएस’ म्हणजे काटा अजून हलतो आहे. सॉफ्टवेअरने फक्त स्थिर वजन घ्यावे, अशी सोय करून घ्यावी. हमालाचा हात पोत्यावर असताना घेतलेला आकडा संगणकात गेला, तर तो वहीतल्या चुकीपेक्षा वाईट. संगणकाची पावती असल्याने त्यावर कोणी शंका घेत नाही.

साध्या कामासाठी टेरा टर्म किंवा पुटीची ‘लॉग’ सोय वापरून प्रत्येक ओळ फाइलमध्ये जपता येते. थेट एक्सेलच्या रकान्यात आकडा पडावा असे वाटत असेल तर ‘कीबोर्ड वेज’ प्रकारचे सॉफ्टवेअर मिळते. ते सिरीयलमधून आलेला आकडा टाइप केल्यासारखा रकान्यात टाकते. यात एक धोका आहे. कर्सर दुसऱ्या रकान्यात असेल तर आकडाही तिथेच पडतो. त्यामुळे मापाऱ्याने दर पोत्याला इंडिकेटरचा आकडा मोठ्याने वाचावा आणि नोंद करणाऱ्याने पडद्यावर तोच आहे ना हे पाहावे. शेतकऱ्यालाही तो ऐकू येतो.

जोडणीनंतर पहिले तीन-चार दिवस वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळवाव्यात. त्या सलग जुळल्या की वही बंद करावी, पण लॉग फाइलची प्रत रोज पेनड्राइव्हवर घ्यावी. लॅपटॉपची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हेही पाहावे.

ओलावा मीटर जोडताना वजनाची आणि ओलाव्याची नोंद एकाच लॉट क्रमांकावर यावी. हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा नेहमीची आहे. माल परत गेला तर शेतकऱ्याला गाडीभाड्याचा भुर्दंड बसतो. अशा वेळी मीटरमधून थेट आलेली, वेळेसह असलेली नोंद दोन्ही बाजूंचा वाद कमी करते.

जुने सॉफ्टवेअर चालत नसेल तर

काही मीटर आणि लॉगर सोबत डॉसवर किंवा विंडोज ९५ च्या काळात चालणारे सॉफ्टवेअर आलेले असते. असे १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचेच आहे. इथे तीन मार्ग आहेत :

१. उपकरण साधी अक्षरे पाठवत असेल तर मूळ सॉफ्टवेअर सोडून टेरा टर्मने थेट नोंद घ्यावी. काटे आणि पीएच मीटरसाठी हे बहुधा पुरते.

२. डॉसबॉक्स या मोफत प्रोग्राममध्ये जुना डॉस प्रोग्राम चालवता येतो आणि त्याला लॅपटॉपचा कॉम पोर्ट जोडून देता येतो.

३. स्पेक्ट्रोफोटोमीटरसारखे यंत्र मूळ सॉफ्टवेअरशिवाय चालतच नसेल, तर जुना संगणक फक्त त्याच कामासाठी ठेवावा. तो इंटरनेटला जोडू नये आणि त्याच्या हार्डडिस्कची प्रत काढून ठेवावी.

हवामान केंद्राच्या डेटा लॉगरबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही लॉगरमधील माहिती बॅटरीवर टिकलेली असते. माहिती उतरवून घेईपर्यंत बॅटरी काढू नये.

अंतर, अर्थिंग आणि वीज

आरएस-२३२ केबल १५ मीटरपर्यंत ठेवावी. भुईकाट्याची खोली आणि कार्यालय दूर असेल तर केबल वाढवत नेऊ नये. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून आरएस-४८५ वापरल्यास योग्य केबलवर १,२०० मीटरपर्यंत माहिती जाऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे काट्याजवळ ‘सिरीयल सर्व्हर’ नावाची पेटी लावून नेटवर्क केबलने माहिती नेणे.

मराठवाड्यात एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. भुईकाटा उघड्यावर, लोखंडाचा आणि लांब केबलचा. जवळ वीज पडली तर सिरीयल केबलमधून इंडिकेटर आणि लॅपटॉप दोन्ही जळू शकतात. त्यासाठी :

- गडगडाट सुरू होण्याआधीच लॅपटॉपची केबल काढावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. वीज चमकू लागल्यावर केबल काढायला जाऊ नये.
- काटा आणि लॅपटॉप एकाच अर्थिंगच्या बोर्डवर असावेत.
- भुईकाट्यासाठी ‘आयसोलेटेड’ अ‍ॅडॅप्टर घ्यावा. त्यात काटा आणि लॅपटॉप यांच्यात तारेचा थेट संबंध राहत नाही. तो महाग असतो, पण लॅपटॉपपेक्षा स्वस्त. मात्र थेट पडलेल्या विजेपुढे तोही टिकत नाही.
- केबल लावताना किंवा काढताना काटा बंद ठेवावा.

शिक्का आणि सील यांना हात लावू नये

व्यवहारात वापरला जाणारा काटा वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ खाली येतो. हा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. अशा इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी करून मुद्रांकन करावे लागते. बाहेरच्या पोर्टला केबल लावल्याने वजन बदलत नाही. पण पोर्टसाठी इंडिकेटर उघडावे लागत असेल, आत बोर्ड बसवायचा असेल किंवा सील तोडावे लागत असेल, तर ते काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावे आणि त्यानंतर काटा पुन्हा पडताळून घ्यावा.

सेटिंगच्या मेनूत बॉड रेट शोधताना ‘कॅलिब्रेशन’ मध्ये चुकूनही शिरू नये. काही मॉडेलमध्ये दोन्ही मेनू शेजारी असतात. कोणते बटण कशाचे आहे याची खात्री नसेल तर पुस्तिका मिळेपर्यंत थांबावे. जोडणी झाल्यावर प्रमाणित वजन ठेवून इंडिकेटर आणि लॅपटॉप दोन्हीवर तोच आकडा दिसतो ना, हे पाहावे.

नवा काटा केव्हा घ्यावा?

इंडिकेटरला पोर्टच नसेल आणि उत्पादकाकडे तो बसवण्याची सोय नसेल, लोडसेल वारंवार बिघडत असेल, किंवा फेरपडताळणीत काटा बसत नसेल, तर नवा घेणे योग्य. केवळ लॅपटॉपला जागा नाही हे कारण पुरेसे नाही. नवा घेतानाही आरएस-२३२ किंवा यूएसबी पोर्ट, पिनांची मांडणी आणि माहिती पाठवण्याची पद्धत छापील पुस्तिकेत आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी संच

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांत प्रत्येकी एक संच तयार असला, तर हंगामात कोणत्याही केंद्राची अडचण अर्ध्या दिवसात सुटू शकते. संचात पुढील वस्तू असाव्यात :

- वेगवेगळ्या चिपचे दोन यूएसबी ते आरएस-२३२ अ‍ॅडॅप्टर आणि एक यूएसबी ते आरएस-४८५ अ‍ॅडॅप्टर.
- एक सरळ केबल, एक उलटी केबल, दोन प्रकारचे जेंडर चेंजर आणि २५ ते ९ पिनांचा जोड.
- मल्टिमीटर आणि लहान स्क्रू-ड्रायव्हर.
- ड्रायव्हर, टेरा टर्म आणि परिसरातील काट्यांच्या पुस्तिका असलेला पेनड्राइव्ह.

जोडणी यशस्वी झाली की इंडिकेटरच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी. त्यावर मॉडेल, केबल सरळ की उलटी, कॉम क्रमांक, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट आणि तारीख लिहावी. पुढच्या वेळी लॅपटॉप बदलेल, माणूसही बदलेल. ही चिठ्ठी असली तर तेच काम दहा मिनिटांत होईल. हे सर्व खरेदी सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी करावे, म्हणजे काट्यासमोर गाड्यांची रांग असताना केबल शोधायची वेळ येणार नाही.